माझगाव: बंदराला खेटलेलं, पण समुद्र न दिसणारं गाव

नमस्कार मंडळी! मी उभा आहे डॉकयार्ड रोड स्टेशनबाहेर. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. दिसतोय? नाही ना. पहिल्यांदा आलो तेव्हा मी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं होतं, "समुद्र कुठंय हो?" पानाला चुना लावता लावता त्यानं समोर नुसती मान उडवली. "भिंतीमागं. पण आत सोडत नाहीत."

आजचा व्हिडिओ त्या भिंतीबद्दलच आहे म्हणा ना.

माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. १५७२ साली पोर्तुगीजांनी ते द सोझा ई लिमा घराण्याला देऊन टाकलं. अख्खं बेट, एका घराला! तेव्हा इथे कोळी होते, भंडारी होते आणि आमराया होत्या. काही झाडं वर्षातून दोनदा फळायची, अशा नोंदी आहेत. म्हणजे नाताळात आमरस. आता पेटी आणायला आपण वाशी गाठतो, असो.

पुढे इंग्रज आले. १७७४ मध्ये इथे एक छोटी गोदी बांधली गेली. तीच वाढत वाढत आजचं माझगाव डॉक झाली. १९६० पासून ती सरकारी. नौदलाची 'नीलगिरी' युद्धनौका इथलीच, 'कलवरी' पाणबुडीही इथलीच. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आलं, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक. भराव पडत गेला, किनारा पुढे सरकला, आणि गाव नि पाणी यांच्या मधे वखारी, रूळ, क्रेन आणि ही भिंत येऊन बसली. १६३२ चं ग्लोरिया चर्चसुद्धा बंदर-रेल्वेच्या कामांपुढे टिकलं नाही. आज भायखळ्याला दिसतं ते नंतर बांधलेलं.

(कॅमेरा माझ्या मागे या. पायऱ्या आहेत, जपून.)

ही भंडारवाड्याची टेकडी. वर एक किल्ला होता, तो १६९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानं मुंबईचा वेढा उठवून जाताना उद्ध्वस्त केला. आता तिथे जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. काका बाप्टिस्टा म्हणजे टिळकांचे सहकारी, मुंबईचे महापौर, आणि पक्के माझगावकर. आपण हिरवळीवर चालतोय ना, तिच्या पोटात १८८४ चा जलाशय आहे. दक्षिण मुंबईतल्या कितीतरी नळांना पाणी इथून उतारानं जातं. आणि आता वळा... हा बघा समुद्र! त्या करड्या बोटी दिसतायत, त्या नौदलाच्या.

खाली म्हातारपाखाडीत, म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत, एक चक्कर माराच. लाकडी जिने, पडव्या, क्रूसासमोर मेणबत्ती. पण लोक राहतात तिथे, खिडकीत मोबाईल घालू नका.

रोजच्या सोयींचं म्हणाल तर हार्बर लाइन १९२५ पासून दाराशी आहे. विधिमंडळानं २०२४ मध्ये स्टेशनचं नाव 'माझगाव' करायचा ठराव केला, पण लोकांच्या तोंडी अजून डॉकयार्डच. बाकी मुंबई माझगावला येते ती जीएसटी भवनात, फाईल घेऊन, कपाळाला आठ्या घालून.

पण खरी सोय म्हणजे भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांनी बांधलेला मूळ धक्का या जागेवर नव्हता. धक्का हलला, नाव सोबत आलं. पहाटे या. बर्फाचा चुरा पायाखाली कचकच वाजतो, कोळंबीच्या पाट्या डोक्यावरून जातात, आणि लिलावात भाव असा पटापट चढतो की नवख्याला कळत नाही माल कुणी घेतला. मी एकदा मान हलवून डास उडवला, तर पापलेटची पाटी माझ्या नावावर पडता पडता राहिली.

इथूनच उरणजवळच्या मोऱ्याची लाँच सुटते, रेवसची सुटते. मांडव्याची रो-रो २०२० पासून. गाडीसकट अलिबाग! १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोटही इथूनच रेवसला निघाली होती. गटारीचा दिवस, घरी जायला निघालेली माणसं. बोट वाटेतच बुडाली, सहाशेहून जास्त जीव गेले. जुन्या कोकणी घरांत अजून पावसाळ्यात लाँचचं नाव काढलं की म्हातारी माणसं गप्प होतात.

तर यायचं असेल तर रविवारी पहाटे या. फक्त निघण्याआधी हार्बरचा मेगाब्लॉक बघा, आणि चपला जुन्या घाला.