मारी तोरोचिकला पाळण्यावरून उतरवा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मारी तोरोचिक: रंगभूमीने घडवलेली चित्रपट-अभिनेत्री’. तिथे आपण पोचणार आहोत. पण आधी एका छायाचित्राशी माझं भांडण आहे, ते मिटवू द्या.

जत्रेतला पाळणा. साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्या, गोल फिरताना बाहेर फेकल्या जाणाऱ्या. एका खुर्चीत विशीतली मुलगी, शेजारी तिला धरून उडणारा तरुण. हंगेरियन सिनेमाचा विषय निघाला की हे चित्र पुढे येतंच. ‘कोरहिंता’, म्हणजे हाच फिरता पाळणा, दिग्दर्शक झोल्तान फाब्री. मुलगी मारी तोरोचिक, तरुण इम्रे शोश. 1956 मध्ये हा चित्रपट फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. त्याच स्पर्धेत ‘पथेर पांचाली’ही होता, असं म्हटलं की माना वर होतात. झाल्या! आता तशाच राहू द्या. सर्वोच्च पारितोषिक गेलं समुद्रसंशोधक कूस्तो आणि दिग्दर्शक लुई माल यांच्या समुद्राखालच्या माहितीपटाला. माणसं हरली, मासे जिंकले. पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेला फ्रेंच त्रुफो तेव्हा समीक्षक होता. त्याने मात्र या मुलीचं तोंड भरून कौतुक केलं. आणि बाई जन्मभरासाठी त्या पाळण्यावर अडकल्या. पुढची साठ वर्षं, शंभराहून जास्त चित्रपट, सगळं त्या एका खुर्चीमागे झाकलं गेलं.

बरं, त्या दृश्याचंही श्रेय नीट वाटलं जात नाही. कथा अशी: बाप सहकारी शेती सोडून बाहेर पडतो, जमिनीला जमीन जोडायची म्हणून मुलगी दुसऱ्या शेतकऱ्याला देऊ करतो. जमिनीचं लग्न जमिनीशीच, असं तो ठणकावतो. या सभागृहात त्यावर भाष्य नको, अर्ध्या लोकांच्या घरी सातबारा असेल. मुलीचं मन मात्र त्या पाळण्यातल्या तरुणावर. ती दोघं पाळण्यात बसतात. छायालेखक बर्नाबाश हेजी. खालून घेतलेल्या चौकटीत खुर्च्या झपकन येतात नि जातात. पण जिथे चेहरा स्थिर आहे आणि मागची झाडं-आभाळ रेघांसारखं ओढलं जातंय, तिथे कॅमेराही त्यांच्याबरोबर फिरतोय. अशा वेळी नटाची पंचाईत होते. वारा डोळ्यांत जातो, केस तोंडावर येतात, खुर्ची हेलकावते, दिग्दर्शकाचा आवाज नीट पोचत नाही. शरीराला येणारी पहिली प्रतिक्रिया म्हणजे आखडून साखळी धरणं. ती आखडली असती तर प्रेम दिसलं नसतं, चक्कर दिसली असती. तिची मान मागे सैल पडते, आणि भीती व हसू एकाच श्वासात येतं.

आता पुढचं, जे छायाचित्रात मावत नाही. नंतर एका लग्नात तोच तरुण तिला सगळ्या गावादेखत चार्दाश हा हंगेरियन लोकनाच नाचवतो. तशीच गिरकी, तसाच वाढता वेग, मधे पाळण्याची आठवण. पण या वेळी तिच्या चेहऱ्यावर हसू नाही. पहिल्या गिरकीत मुलगी होती, दुसरीत निर्णय घेणारी बाई. कौतुक करायचं तर या दोन गिरक्यांमधल्या अंतराचं करा. आणि हे करणारी तेव्हा वीस वर्षांची, बुडापेस्टच्या नाट्यअकादमीची विद्यार्थिनी, हेवेश परगण्यातल्या पेय गावात 1935 मध्ये जन्मलेली.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. साहेब, दहा मिनिटं. बरं, सात.

तर मुद्दा. 1958 मध्ये पदवी घेऊन ती राष्ट्रीय नाट्यगृहात दाखल झाली आणि सत्तरच्या दशकाअखेरपर्यंत तिथेच राहिली. तिकडे नाट्यगृहाचा स्वतःचा कायम नटसंच असतो. आज एक नाटक, उद्या दुसरं, पहिलं पुन्हा काही दिवसांनी. एका वेळी अनेक भूमिका डोक्यात जिवंत ठेवायच्या. यातून दोन गोष्टी अंगात मुरतात. एक, तीच लय हुबेहूब पुन्हा आणणं. दोन, समोरच्याचं शंभरदा ऐकलेलं वाक्य नव्याने ऐकणं.

पहिलीचा उपयोग बघा. दिग्दर्शक मिक्लोश यान्चोच्या 1974 च्या ‘सेरेल्मेम, एलेक्त्रा’मध्ये, म्हणजे ‘माझ्या प्रिये, एलेक्त्रा’मध्ये, ती ग्रीक शोकांतिकेतली एलेक्त्रा आहे. सत्तरेक मिनिटांचा चित्रपट, अवघ्या बारा सलग चित्रणांत. 35 मिमीच्या 300 मीटर फिल्मवर जेमतेम अकरा मिनिटं मावतात. माळरान, घोडे, नर्तक, रुळांवर सरकणारा कॅमेरा. पाचव्या मिनिटाला एक घोडा चुकला की सगळं पहिल्यापासून. चित्रण चालू असताना यान्चो ओरडून सूचना देई, म्हणून आवाज नंतर भरायचे. माळावर बोललेलं वाक्य बंद खोलीत, त्याच ओठांवर, त्याच दमाने परत बोलायचं. रोजच्या प्रयोगाची सवय नसलेल्याचं इथे हमखास घसरतं: ओठ जुळतात, दम जुळत नाही.

दुसरीचा उपयोग दिग्दर्शक कारोय मकच्या 1971 च्या ‘सेरेलेम’मध्ये, म्हणजे ‘प्रेम’मध्ये, जो चहानंतर दाखवणार आहेत. काळ 1953. नवरा राजकीय कैदेत. अंथरुणाला खिळलेल्या सासूला सून सांगते, तो अमेरिकेत चित्रपट करतोय. पत्रंही हीच लिहिते. सासू लिली दार्वाश, नाटककार फेरेन्स मोल्नारची पत्नी, नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या रंगमंचावर वाढलेली, अमेरिकेहून या भूमिकेसाठी आलेली. नवरा झालेला इव्हान दार्वाश 1956 च्या हंगेरियन उठावानंतर खरोखर तुरुंगात होता. कानमध्ये चित्रपटाला परीक्षकांचं पारितोषिक मिळालं, दोन्ही अभिनेत्रींचा खास उल्लेख झाला.

1976 मध्ये कानला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, फ्रेंच अभिनेत्री दोमिनिक सांदाबरोबर विभागून. चित्रपट ‘देरीने, होल वान?’, म्हणजे ‘देरीबाई, आहात कुठे?’. एकोणिसाव्या शतकातल्या फिरत्या नटीची, उतरत्या वयाची गोष्ट. दिग्दर्शक ज्यूला मार, तिचा नवरा; कॅमेरा लायोश कोल्ताई. 2008 मध्ये हृदय बंद पडलं, कोमात गेली, उठली आणि परत रंगमंचावर उभी राहिली. 2021 मध्ये गेली. नव्वदच्या दशकात रशियन दिग्दर्शक वासिल्येवबरोबर दस्तयेवस्कीवर केलेल्या कामाला अर्धा तास हवा होता. तो पाळण्याने खाल्ला.

चित्रपट बघताना एवढंच करा. मधेमधे निमिषभर चमकून जाणारी चित्रं येतील. त्या म्हातारीच्या आठवणी आहेत, छायालेखक यानोश तोतची करामत. अर्थ लावत बसू नका, कारण लगेच कॅमेरा सुनेवर येतो आणि ते चुकेल. सासू पत्राबद्दल बोलते तेव्हा बोलणारीकडे नव्हे, ऐकणारीकडे बघा: आपलंच खोटं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तोरोचिक काय करते ते. आणि उपशीर्षकं सगळी वाचू नका. पहिली ओळ वाचा, दुसरी सोडा, मान वर करा.