सहा वाजताचा दर

(दृश्य: पहाट. महामार्गावरून शहराकडे वळणारा रस्ता. पंपाचे दिवे चालू आहेत, कॅनॉपीखाली एक मुलगा फरशी धुतोय.)

पावणेसहा वाजलेत. तावडे हॉटेल चौकातून कोल्हापुरात शिरणाऱ्या गाड्या अजून मोजक्या आहेत: दुधाचे टेम्पो, भाजीच्या पिकअप, पुण्याकडून रात्रभर चालत आलेल्या दोन लक्झरी. पंपावरचा माणूस जमिनीतल्या टाकीचं झाकण उघडतो आणि लांब पितळी पट्टी आत सोडतो. हा डिप रॉड. खालच्या टोकाला त्यानं बोटानं पेस्ट लावलीय. टाकीच्या तळाशी पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो. पावसाळ्यात ही तपासणी जास्त वेळा करावी लागते, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पट्टी बाहेर येते, तो टॉर्चच्या उजेडात आकडा वाचतो, वहीत लिहितो. टाकीत किती माल उरलाय ते त्याला कळलं. आजचा दर मात्र त्याला अजून माहीत नाही.

तो सहा वाजता कळणार.

(दृश्य: दराचा फलक. आकडे जवळून.)

पंपाच्या मालकानं दर वाढवला, असं आपण सहज बोलून जातो. रांगेत उभं राहून मीही कितीदा तसंच म्हटलंय. पण तेल कंपनीच्या पंपावर मालकाच्या हातात दर नसतोच. दर कंपनीकडून येतो आणि मालकाला लिटरमागे ठरलेलं कमिशन मिळतं. पेट्रोल नव्वदचं असो की एकशेदहाचं, दर बदलला म्हणून त्याचं कमिशन फारसं वाढत नाही. महाग माल भरायला भांडवल मात्र जास्त अडकतं.

रोज दर बदलायची पद्धत १६ जून २०१७ पासून देशभर लागू झाली. त्याआधी दर पंधरा दिवसांनी बदलायचे. आधी रात्री बारा वाजता दर बदलायचा बेत होता. पंपचालकांनी विरोध केला, म्हणून सकाळी सहाची वेळ ठरली. पेट्रोलचा दर बाजाराच्या हवाली झाला २०१०च्या जूनमध्ये, डिझेलचा २०१४च्या ऑक्टोबरमध्ये. कागदावर तेव्हापासून सरकार दर ठरवत नाही.

कागदावर म्हणालो, त्यामागे कारण आहे. त्याकडे येतोच.

(दृश्य: टँकर पंपावर रिकामा होतोय. जाड पाईप, सील तोडणारा हात.)

आपल्या जिल्ह्यात तेलाची विहीर नाही, रिफायनरी नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं शंभरातलं पंच्याऐंशीहून जास्त बाहेरून येतं आणि ते डॉलरमध्ये घेतलं जातं. म्हणजे आखातात काही झालं तरी आपल्याला भोगावं लागतं आणि रुपया घसरला तरी भोगावं लागतं. शुद्ध झालेला माल डेपोपर्यंत येतो, तिथून टँकरनं पंपावर. डेपोपासूनचं अंतर आणि वाहतूक दरात मिसळते, म्हणून एकाच शहरातल्या दोन पंपांवरही काही पैशांचा फरक दिसतो.

त्यावर कर. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरवर असतं, ठराविक रुपयांत. राज्याचा व्हॅट टक्क्यांत. आपल्या भागात पेट्रोलवर २५ टक्के आणि शिवाय लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, डिझेलवर २१ टक्के. टक्क्यांतल्या कराची गंमत अशी की मूळ किंमत वाढली की करही आपोआप वाढतो, त्यासाठी कुणाला काही जाहीर करावं लागत नाही. जीएसटीत पेट्रोल-डिझेल नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा. कोल्हापुरात हे 'वेगळं' म्हणजे काय ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

(दृश्य: लॉकडाऊनमधला रिकामा महाद्वार रोड. छायाचित्रं.)

त्याआधी २०२०चा एप्रिल आठवा. महाद्वार रोडवर चिटपाखरू नव्हतं. २० एप्रिलला अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचा वायदा भाव शून्याच्याही खाली गेला. तेल घेऊन जा आणि वर पैसे घ्या, अशी पाळी आली. आपल्याला वाटलं, आता तरी स्वस्त होईल. मेच्या पहिल्या आठवड्यात केंद्रानं उत्पादन शुल्क वाढवलं, पेट्रोलवर १० रुपये आणि डिझेलवर १३. जगात पडलेल्या भावाचा फायदा आपल्या टाकीपर्यंत आलाच नाही. पुढं तेल महाग झालं आणि तो भार मात्र पुरता आला. २९ मे २०२१ला मुंबईत पेट्रोलनं शंभरी ओलांडली, त्याच दिवसांत कोल्हापुरातही.

मग आली २०२१ची दिवाळी. ३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी केंद्रानं पेट्रोलवरचे ५ आणि डिझेलवरचे १० रुपये कमी केले, अंमल दुसऱ्या दिवशी. लोक खूश झाले आणि व्हायलाच हवं होतं. पण त्याच संध्याकाळी जमिनीखाली वीस हजार लिटर डिझेल भरून बसलेल्या पंपचालकाचा हिशेब करा. माल जुन्या दरानं घेतलेला, विकायचा नव्या दरानं. वीस हजार गुणिले दहा, दोन लाख. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. शुल्ककपातीच्या बातम्यांत या माणसाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. दोन वेळा असं सोसल्यावर, ३१ मे २०२२ रोजी महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या पंपचालकांनी एक दिवस माल उचलायला नकार दिला, कमिशन वाढवा म्हणून. कमिशन वाढलं ते २०२४च्या ऑक्टोबरअखेर.

आता तो 'कागदावर' शब्द. ४ नोव्हेंबर २०२१ पासून २१ मार्च २०२२ पर्यंत, १३७ दिवस, रोज बदलायचा दर कंपन्यांनी हलवलाच नाही. मधल्या काळात रशियानं युक्रेनवर हल्ला केला, कच्चं तेल बॅरलला १३० डॉलरच्या वर जाऊन आलं, तरी आपल्या फलकावरचे आकडे स्थिर. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुकांचा निकाल १० मार्चला लागला. २२ मार्चला दर ८० पैशांनी वाढला आणि तिथून ६ एप्रिलपर्यंत चौदा वेळा वाढून लिटरमागे दहा रुपये चढले. याला बाजार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

(दृश्य: बिंदू चौकातला रिक्षा स्टॉप. एक रिक्षा पंपाच्या रांगेत, चालक ढकलत पुढं नेतोय.)

ते दहा रुपये कुणाच्या खिशातून गेले?

रिक्षावाल्याचं बघा. दिवसाला शंभर किलोमीटर फिरणारी पेट्रोलची रिक्षा चारेक लिटर पिते. दहा रुपये वाढले की दिवसाचे चाळीस, महिन्याचे हजार. त्याला भाडं स्वतःहून वाढवता येत नाही. ते प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात, बैठक होते, मग मीटरमध्ये बदल करून घ्यायचे. पेट्रोल सहा वाजता वाढतं, भाडं वाढायला महिने जातात. मधले महिने तो घरखर्चातून भरतो. रांगेत इंजिन बंद करून रिक्षा हातानं ढकलणारा माणूस बघितलात ना, तो थेंब वाचवतोय. टाकी फुल्ल करताना मी क्वचितच कुणाला पाहिलं. "दोनशेचं टाका," इतकंच. पंपावरचा मुलगा सवयीनं म्हणतो, "झिरो बघा," आणि दोघांचेही डोळे काट्यावर जातात.

इथं थोडं थांबून एक सांगतो, कारण अनेकांना हे ठाऊक नसतं. माप कमी वाटलं तर पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागायचा तुम्हाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करता येते. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागा, एक थेंब टाका. शुद्ध पेट्रोल उडून जातं आणि कागदावर डाग राहत नाही. कुणी तोंड वाकडं केलं तरी मागा.

(दृश्य: महामार्ग. कागल मागं पडतं. 'कर्नाटक' असा फलक. ट्रकांची रांग डावीकडच्या पंपात वळते.)

कोल्हापूर सोडून बेळगावच्या दिशेला निघालं की वीस किलोमीटरवर कागल, आणि आणखी थोडं पुढं कोगनोळी. तिथं राज्य बदलतं. माती तीच, ऊस तोच, बोलीही तीच. पंपाच्या फलकावरचा आकडा वेगळा.

२०२१च्या त्याच दिवाळीत कर्नाटकनं केंद्राच्या कपातीवर आपले सात रुपये आणखी कमी केले. महाराष्ट्रानं त्या वेळी काही केलं नाही. मुंबई आणि बंगळूरच्या दरात पेट्रोललाही आणि डिझेललाही नऊ रुपयांहून जास्त अंतर पडलं. आपल्याकडे राज्यानं पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये कमी केले ते जुलै २०२२ मध्ये. मधल्या आठ महिन्यांत सीमेअलीकडच्या पंपचालकांनी आपली गिऱ्हाइकं डोळ्यांदेखत पुढं जाताना बघितली.

कोल्हापुरात तेव्हा जो तो म्हणायचा, निपाणीला जाऊन टाकी भरून येऊ. हिशेब मांडून बघू. कोल्हापुरातून कोगनोळीच्या पुढं जाऊन परत यायचं म्हणजे साधारण साठ किलोमीटर. लिटरला पंधरा देणारी कार त्यात चार लिटर जाळते, एकशेदहाच्या दरानं चारशे चाळीस रुपये. पस्तीस लिटरच्या टाकीवर नऊ रुपयांनी वाचले तीनशे पंधरा. म्हणजे सव्वाशेचा तोटा. दहा लिटरच्या मोटारसायकलचीही तीच गत. कागल, मुरगूडच्या माणसाला परवडतं, शहरातल्याला नाही. आणि ट्रक? तो तसाही त्या रस्त्यानं जाणारच असतो. तीनशे लिटर डिझेल भरलं की सत्तावीसशे रुपये सरळ हातात. शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग घेऊन दक्षिणेकडे जाणारा ट्रक इथं कशाला डिझेल भरेल? मोठ्या टाकीच्या गाडीला सीमेचा फायदा होतो आणि चार लिटरवर दिवस काढणाऱ्या रिक्षाला तीच सीमा काही कामाची नाही, ही गोष्ट मला या सगळ्या हिशेबात जास्त टोचते.

पुढं फरक कमी झाला. जून २०२४ मध्ये कर्नाटकनं विक्रीकर वाढवला, पेट्रोल आणि डिझेल दोन्ही तीनेक रुपयांनी चढलं. एप्रिल २०२५ मध्ये डिझेल आणखी दोन रुपयांनी. ट्रकवाल्यांनी हिशेब बदलला. तिकडच्या पंपावर वळणारी स्टिअरिंग काही पैशांवर फिरतात.

(दृश्य: २०१९चा महापूर. शिरोलीजवळ पाण्यात बुडालेला महामार्ग, उभ्या ट्रकांची रांग.)

एकच काळ असा आठवतो जेव्हा कोल्हापुरात कुणी दराबद्दल बोलत नव्हतं. ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, टँकर पलीकडे अडकलेले. पंप कोरडे पडू लागले आणि उरलेलं इंधन रुग्णवाहिका, बोटी, बचावाच्या गाड्यांसाठी राखून ठेवावं लागलं. मोटारसायकलच्या टाकीला कान लावून, हलवून, किती शिल्लक आहे ते ऐकायचो आम्ही.

(दृश्य: हिवाळ्यातली संध्याकाळ. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, उसानं भरलेला, कारखान्याच्या रस्त्याला.)

आणि आता ऊस. कोल्हापूरची गोष्ट उसाशिवाय संपत नाही.

हा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. शेतापासून कारखान्यापर्यंतचं हे डिझेल कुणाचं? आपल्याकडे शेतकऱ्याला मिळणाऱ्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या सरकारनं ठरवलेल्या किमान दरातून, तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होतो. डिझेल वाढलं की वाहतुकीचे दर वाढतात आणि ती वाढ शेवटी ऊस उत्पादकाच्या बिलातून कापली जाते. त्याआधी नांगरट, रोटर, सरी सोडणं, तिथंही ट्रॅक्टरचा एकरी भाव डिझेलबरोबर चढलेला असतो. डिझेल उतरलं म्हणून नांगरटीचा भाव उतरल्याचं मी आमच्या गावात एकदाही ऐकलेलं नाही.

याच उसापासून इथेनॉल होतं. तेच टँकरनं डेपोत जातं, पेट्रोलमध्ये मिसळतं आणि आपल्या पंपावर परत येतं. २०२५ मध्ये हे मिश्रण वीस टक्क्यांवर पोहोचलं. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हातात पैसा लवकर येतो, परदेशी तेलाचं बिल थोडं हलकं होतं, आणि हे चांगलंच आहे. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या अहवालातच म्हटलंय की जुन्या रचनेच्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी घटू शकतं. म्हणजे दर जागचा हलला नाही तरी किलोमीटरला पडणारा खर्च हलतो, आणि तो कुठल्याच फलकावर दिसत नाही.

(दृश्य: चुलीजवळच्या उजेडात पसरलेलं ऊसबिल. बोट एका ओळीवर थांबतं.)

हे कारखान्याचं बिल. वर टन, त्याखाली दर, त्याखाली एकूण रक्कम. मग वजावटी सुरू होतात. तोडणी. वाहतूक. बोट 'वाहतूक' या ओळीवर थांबलंय. गेल्या हंगामाचं बिल शेजारी ठेवलंय, आणि घरातली शाळकरी पोर पेन्सिलनं दोन आकड्यांची वजाबाकी मांडतेय.