सिलिंगवरची पेन्सिलची रेघ

हे सिलिंग पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतलं आहे, चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आणि हा पिवळट डाग दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या पॅसेजमधला. डागाच्या कडेकडेनं पेन्सिलची रेघ आहे बघा, शेजारी बारीक अक्षरात तारीख. काकूंनी स्टुलावर चढून स्वतः मारलीये. डाग जुना आहे की अजून पसरतोय हे कळायला यापेक्षा साधा उपाय नाही. आठ दिवसांनी ओल रेघेच्या दोन बोटं बाहेर गेली आणि काकूंनी प्लंबरला फोन लावला. अगदी योग्य वेळी लावला.

डागाकडे परत येऊ. आधी त्यांचा किचनमधला नळ बघा.

थेंबच तर पडतोय, असं म्हणून आपण सगळेच महिनोन्महिने काढतो. आम्ही नळाखाली पेला ठेवला आणि घड्याळ लावलं, तासाभरात 200 मिली पाणी जमलं. म्हणजे दिवसाला 4.8 लिटर, महिन्याला 144. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी लागतं असं सरकारी हिशोबात धरलेलं असतं, म्हणजे एका माणसाचं अख्ख्या दिवसाचं पाणी या एका नळातून महिन्याला वाया जातंय, तेही खडकवासल्याहून आलेलं, शुद्ध केलेलं, आणि पंप चालवून गच्चीवरच्या टाकीत चढवलेलं.

नळ गळायला लागला की आपण काय करतो, तर जोर लावून आवळतो. तिथंच चुकतं. जुन्या पितळी नळात आत रबराचा वायसर असतो, तो झिजलेला असताना आवळत राहिलं की तो आणखी चेपतो आणि ज्यावर बसतो ती सीटही खराब होते. वायसर काही रुपयांचा आहे, पान्हा असेल तर घरी बदलता येतो. अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत वायसर नसतो, आत सिरॅमिकचं कार्ट्रिज असतं, ते जुनं काढून दुकानात दाखवायचं आणि तसंच आणायचं. नळाची धार बारीक झाली असेल तर तोंडाची जाळी काढून बघा, बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे क्षार साठतात, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की मोकळी होते.

पण यातलं काहीही करायच्या आधी एक गोष्ट, आणि ही मी मनापासून सांगतोय कारण आमच्या घरात हे घडलंय. बेसिनखालचा नळीचा नट सैल झाला होता, पाणी उडत होतं, मी खालचा अँगल कॉक, म्हणजे त्या नळीचं पाणी बंद करायचा छोटा नळ, बंद करायला गेलो. तो बसवल्यापासून कुणी फिरवलाच नव्हता, क्षारांनी पार जाम झालेला. मी जोर दिला आणि त्याचा दांडा मोडून हातात आला. आई टॉवेल घेऊन धावतीये, पाणी हॉलपर्यंत पोचलंय, आणि गच्चीवर आमच्या लाइनचा वॉल, म्हणजे पाणी बंद करायची चावी, कुठला हे कुणालाच माहीत नाही, तिथं सारखे दिसणारे आठ वॉल. ते शोधण्यात वीस मिनिटं गेली. तेव्हा आज जमलं तर एवढंच करा, घरातला प्रत्येक अँगल कॉक एकदा हळूच बंद करून उघडा, आणि गच्चीवरच्या तुमच्या वॉलवर ऑइलपेंटनं फ्लॅट नंबर लिहा. जाम असेल तर जोर देऊ नका, प्लंबर येईल तेव्हा बदलून घ्या.

फ्लश टँक गळतोय का हे डोळ्यांना दिसत नाही, पाणी भांड्याच्या कडेनं इतकं पातळ सरकतं. टाकीत खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर कडक झालंय. आणि रात्री कुणी नळ उघडत नसताना सोसायटीचा पंप सारखा चालू होत असेल तर सेक्रेटरींच्या कानावर घाला, कुठंतरी पाणी जातंय.

बंद घरातून आलात आणि बाथरूमला वास येतोय? फरशीतल्या जाळीखाली असतो तो नहाणी ट्रॅप, प्लंबर लोक त्याला नानी ट्रॅप म्हणतात, त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. घर महिनाभर बंद राहिलं की ते पाणी सुकतं, मग वास पण येतो आणि झुरळं पण. बादलीभर पाणी ओता, झालं.

तुंबण्याचं मात्र नीट ऐका. एकच सिंक तुंबलं असेल तर खाली बादली ठेवून सिंकखालचा बाटलीसारखा भाग, बॉटल ट्रॅप, हातानं उघडा, भाताची शितं, तेलाचा थर, केस, काय असेल ते निघतं. पण सिंक, बाथरूम आणि कमोड सगळंच सावकाश उतरतंय, एकीकडे पाणी सोडलं की दुसरीकडे गुडगुड होतंय, तर अडकलंय ते खालच्या मेन लाइनमध्ये नाहीतर चेंबरमध्ये, तिथं घरातल्या तुंबलेलं काढायच्या रबरी पंपानं काही होत नाही, माणूस बोलवा. दुकानातली ड्रेन उघडायची पावडर टाकली असेल तर त्यावर अ‍ॅसिड ओतू नका, उसळून अंगावर येतं. ब्लीच आणि अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र झालं तर क्लोरीन गॅस होतो, छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. आणि प्लंबर आला की काय टाकलंय ते आधी सांगा, त्याचे हात त्याच पाण्यात जाणार असतात.

गीझरला स्वतः हात लावायचा नाही. पाणी तापताना सेफ्टी वॉलमधून थोडं ठिबकतं, ते चालतं, पण सतत गळत असेल तर बंद करून माणूस बोलवा. तो वॉल बूच मारून बंद करायचा नाही, कधीच नाही, आतलं प्रेशर तिथूनच सुटतं. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर नळ सोडा, कोरड्या हातानं विजेच्या बोर्डावरचा एमसीबीचा स्विच पाडा, आणि प्लंबरच्या आधी इलेक्ट्रिशियन.

आता काकूंचा डाग.

वरच्या घरचे म्हणत होते आमच्याकडे काही गळत नाही, आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांची फरशी खणखणीत कोरडी होती. प्लंबरदादांनी आधी वरच्यांच्या नहाणी ट्रॅपला बूच मारलं, बाथरूममध्ये दोन बोटं पाणी भरलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी काकूंच्या सिलिंगवर नवीन काही नाही. म्हणजे फरशीचे सांधे ठीक. मग बूच काढलं, ते पाणी जाऊ दिलं, वर आणखी दहा बादल्या ओतल्या. दुपारी काकूंचा फोन आला, डाग काळा पडलाय. म्हणजे पाणी आत उतरताना गळत होतं, ट्रॅपखालच्या पाइपाचा सांधा गेला होता, कोब्यात गाडलेला, वरून कुणालाच न दिसणारा. भिंतीत किंवा फरशीखाली गाडलेलं काहीही असेल तर अंदाजानं फोडाफोडी करू नका, असं तपासून सांगणारा माणूस शोधा, त्याचे पैसे सार्थकी लागतात.

खर्चावरून दोन्ही घरांत थोडी धुसफूस झाली. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, हे दिलेलं आहे, संडास, सिंक वगैरेंची आतली गळती त्या सभासदानं दुरुस्त करायची, बाहेरच्या सामायिक लाइनची आणि पावसाच्या पाण्याची सोसायटीनं. वरच्या काकांनी ते वाचलं आणि काम लावलं. ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं, आणि फरशी बसवायच्या आधी पुन्हा 24 तास पाणी भरून ठेवलं. ही शेवटची तपासणी करायला लावा, घाईत नेमकी तीच राहून जाते.

रंगारी लगेच यायला तयार होता, काकूंनी त्याला दसऱ्यानंतर बोलावलंय. स्लॅब आतून सुकायला वेळ लागतो, ओल्यावर रंग मारला की पोपडे येतात. तोवर सिलिंगवर दुसरी रेघ आहे, नवी तारीख घातलेली. महिना झाला, डाग तिच्या आतच आहे.