आधी ढगाचा तळ बघा

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिना. अंगणात कोकमाची सोलं वाळत घातलेली, शेजारी मिरच्या. एवढ्यात झाकोळ येतो, सगळी माणसं सुपं-चटया गोळा करायला धावतात, आणि पाव तासात पुन्हा लख्ख ऊन. आमची आजी मात्र जागची हलत नसे. ती डोक्यावरचा ढग पाहतच नसे. गोव्यातल्या सांखळी गावापलीकडे, सह्याद्रीकडे बघायची आणि मग ठरवायची.

काळा ढग म्हणजे पाऊस, हा आपला समज. पण ढग काळा दिसतो तो जाड असल्यामुळे, किंवा नुसता सूर्याच्या आड आल्यामुळे. सूर्य पाठीशी असेल, तर तोच ढग पलीकडच्या गावातून पांढराशुभ्र दिसतो. म्हणून रंगाआधी तळ बघा, मग माथा.

दुपारच्या निळ्या आभाळातले सुटे पांढरे ढग म्हणजे राशिमेघ, क्युम्युलस. तळ पाटासारखा सपाट, वर कापसाचा ढीग. तापलेली हवा चढता चढता गार होते आणि ठरावीक उंचीवर तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. ती उंची आसपास जवळपास सारखीच, म्हणून सगळ्यांचे तळ एका रेषेत. ढग उंचीला कमी, रुंदीला जास्त असेल, तर सोलं राहू द्या.

उंची वाढू लागली की मात्र सावध व्हा. समुद्रावरचा ओलसर वारा दुपारी सह्याद्रीला भिडून वर चढतो आणि चोर्ला, अनमोड या घाटांच्या बाजूला फुलकोबीसारखे गड्डे उसळतात. कडा रेखीव आहेत तोवर माथ्यावर पाण्याचे थेंब. कडा विसविशीत झाल्या की तिथे बर्फ झालं. मग माथा आडवा पसरतो, लोहाराच्या ऐरणीसारखा. हा गर्जन्मेघ, क्युम्युलोनिम्बस. आपल्याकडे याचा माथा १५ किलोमीटरच्याही वर जाऊ शकतो. म्हणजे नऊ कळसूबाई एकावर एक! वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांचा एक किलोमीटर. पण गडगडाट ऐकू येतो म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते, तेव्हा मोजायचं तेही घरात बसून.

जुलैचं आभाळ वेगळं. दिवसच्या दिवस पाऊस, गडगडाट क्वचित. त्यातली लांबलेली संततधार बहुधा वर्षास्तराची, निम्बोस्ट्रॅटसची. त्याला आकार नाही, कडा नाही, सूर्य कुठे आहे तेही कळत नाही. तळाखाली ढगांच्या चिंध्या पळत असतात. दुधी काचेआडून दिसावा तसा सूर्य दिसला आणि सावली पडली नाही, तर तो मध्यस्तर. आणि घाटात भरदिवसा गाडीचे दिवे लावायला लावतो तो स्तरमेघ. पायथ्याच्या गावाला तो ढग, आपल्याला धुकं.

या लॅटिन नावांचा पाया लंडनच्या ल्यूक हॉवर्ड या औषधं बनवणाऱ्या हौशी निरीक्षकाने १८०२ साली एका व्याख्यानात घातला. आज जागतिक हवामान संघटना मुख्य दहा प्रकार मानते.

गोळ्यागोळ्यांचे थवे ओळखताना गोंधळ होतो. तिथे बोटं कामाला येतात. क्षितिजापासून बराच वरचा थवा निवडा, हात सरळ लांब करा. एक गोळा करंगळीआड झाकला तर तंतुराशी, तीन बोटं लागली तर मध्यराशी, त्याहून मोठा तर स्तरराशी.

सर्वांत उंचावर तंतुमेघ, पिंजलेल्या कापसाचे धागे. सगळा बर्फाच्या कणांचा खेळ. त्याच कणांचा पातळ पडदा पसरला की चंद्राला खळं पडतं. हात लांब करून वीत ताणा. अंगठा चंद्रावर ठेवला, तर करंगळी साधारण खळ्यावर टेकते. चंद्राला चिकटलेलं लहानसं रंगीत वलय मात्र बहुतेकदा खालच्या ढगातल्या पाण्याच्या थेंबांचं. आमची आजी दोन्हींना खळंच म्हणायची. मला त्यांतला फरक कळला तेव्हा तिला दाखवायला ती नव्हती. तुमच्या घरात कुणी आजी असेल, तर तिला अंगणात घेऊन जा.

नमस्कार.