लिंबाच्या पानावरची रुपेरी रेघ

नमस्कार श्रोतेहो. लिंबाच्या कोवळ्या पानावर एक रुपेरी, नागमोडी रेघ तुम्ही पाहिली असेलच. ती नागअळीची करामत. ही अळी म्हणजे एका पतंगाचं बालपण. पतंग तरी केवढा? पंख पसरले तर जेमतेम ४ मिलिमीटर! शास्त्रज्ञांनी त्याचं पहिलं वर्णन केलं १८५६ साली, तेही कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. संध्याकाळनंतर हिंडतो, म्हणून आपल्याला तो दिसत नाही, दिसते ती रेघ.

ही रेघ पानाच्या वर नसते. सालीखाली असते. सालीखाली!

हे माझ्या मावशीला पटेना. "गोगलगाय फिरलीय मेली," म्हणत ओल्या फडक्याने ती एकेक पान पुसत बसली. रेघ काही जाईना. शेवटी मी तिच्या हाती भिंग दिलं. रेघेच्या टोकाशी पिवळट अळी, डोकं डावीकडे, उजवीकडे, आणि मागे विष्ठेची बारीक काळी ओळ. "अगं बाई, ही तर आत आहे!"

मग काय, डहाळी पाण्यात खोचून मोठ्या काचेच्या बरणीत ठेवली. आता बरण्यांचं म्हणाल, तर हल्ली झाकणं धड बसतच नाहीत; जुन्या बरणीचं झाकण फिरवायला दोन माणसं लागायची. असो. चार दिवसांत दोन अळ्या पानाच्या कडेला आल्या, रेशमाने कड दुमडली आणि त्या घडीत कोषात गेल्या. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा सगळा प्रवास उकाड्यात दोन आठवड्यांत उरकतो, गारठ्यात सात आठवडेही लागतात.

मावशी दात घासायच्या आधी बरणीपाशी. नवव्या दिवशी हाक आली, "निघाला, निघाला!" धावत गेलो. पानावर मुंगीहूनही लहान, चकचकीत काळी माशी.

"हाच का तुझा पतंग?"

पतंग कुठला! ती गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली. तिच्या आईने नागअळीवर अंडं घातलं होतं, पिल्लाने अळीच फस्त केली. कुंडीवर ऊठसूट औषध मारणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आपल्या बाजूने लढणारी ही माशीच त्यात आधी मरते.

आणि दुसरी घडी? तिच्यातून कोषाचं रिकामं टरफल अर्धं बाहेर आलं होतं. पतंग मात्र बरणीत कुठेच नाही. झाकणाचं मी म्हटलंच होतं.