रात्रीचा वर्ग आणि भाड्याची खोली

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे 'लिआना' या अमेरिकन चित्रपटाबद्दल. साल १९८३. लेखन, दिग्दर्शन आणि संकलन जॉन सेल्स यांचं. चाळीस वर्षांहून जुना, बिनझगमगाटाचा चित्रपट आहे. बाई शिकते, स्वतःला ओळखते, दुसऱ्या बाईच्या प्रेमात पडते, अशी गोष्ट पडद्यावर मांडायची म्हणजे नेमकं काय काय मांडायचं, हे समजून घ्यायला मात्र याच्याइतका उपयोगी चित्रपट क्वचितच सापडेल.

आधी गोष्ट ऐका. न्यू जर्सीतलं एक कॉलेजचं गाव. लिआना तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. नवरा डिक कॉलेजात शिकवतो, सिनेमा हा त्याचा विषय. ती एके काळी त्याचीच विद्यार्थिनी. लग्न झालं आणि तिचं पुढचं शिक्षण थांबलं. आता ती सँडी नावाच्या मैत्रिणीबरोबर रात्रीच्या वर्गाला जाते. विषय बालमानसशास्त्र, शिकवणाऱ्या बाई रूथ. लिआना रूथच्या प्रेमात पडते, नवऱ्याला खरं ते सांगते आणि घराबाहेर पडते. एवढ्यावर दुसरा एखादा दिग्दर्शक थांबला असता. सेल्स यांना रस आहे तो पुढच्या आठवड्यांत.

वर्गाचा विषय बालमानसशास्त्र आहे, ही पटकथेतली फार हुशारीची जागा. मुलांची आई हा विषय शिकायला निघाली तर घरातलं कोण हरकत घेणार? 'मुलांच्याच भल्याचं आहे' म्हणून सगळे मान डोलावतात. आणि वर्गात बसल्यावर तिला कळतं, की आपण बारा-तेरा वर्षं स्वयंपाकघरात आणि मुलांच्या खोलीत जे पाहिलं, त्याला शास्त्र आहे, परिभाषा आहे, आणि त्याबद्दल आपल्याला विचारलं जाऊ शकतं. लिआना नुसती वर्गात बसत नाही, रूथच्या संशोधनात मदतही करू लागते. काम हाती येतं, त्यानिमित्ताने बोलणं वाढतं, मग जवळीक. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी नजरानजर आणि मग अभ्यास, तर वर्ग हे नुसतं नेपथ्य उरतं. अशा कथा लिहिणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. शिक्षण म्हणजे दोघींनी भेटायची सोय, एवढंच त्याचं काम ठेवलं जातं. बाई तिथं शिकली काय, हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही.

आणखी एक गोष्ट सेल्स डोळ्याआड करत नाहीत. लिआनाचा नवरा तिचा प्राध्यापक होता, आणि आता ती जिच्यावर प्रेम करते तीही तिची प्राध्यापकच. म्हणजे ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं अशा माणसाकडे ओढलं जाण्याची तिची सवय सुटलेली नाही. रूथ प्रेमळ आहे, पण तिचं आयुष्य आधीच घडलेलं आहे. दुसऱ्या शहरात तिचं जुनं नातं आहे, शिवाय नोकरीवर गदा येऊ नये म्हणून तिला हे नातं उघड करायचं नाही. लिआना सगळं सोडून दाराशी येते तेव्हा रूथ चक्क घाबरते. विद्यार्थिनीने शिक्षिकेपेक्षा मोठं पाऊल टाकलेलं असतं. इथून पुढे लिआनाचा खरा अभ्यास सुरू होतो, आणि त्याला शिकवणारं कुणी नाही.

आता थोडं तंत्राबद्दल, कारण या चित्रपटाचं रूप त्याच्या खर्चाने ठरवलं आहे. एकूण खर्च सुमारे ३ लाख डॉलर. चित्रीकरण न्यू जर्सीतल्या होबोकन गावात, १६ मिलीमीटर फिल्मवर. थिएटरसाठी ते मोठं करून ३५ मिलीमीटरवर आणलं. यात फायदा काय? ४०० फुटांचं रीळ १६ मिलीमीटरमध्ये सुमारे ११ मिनिटं चालतं, ३५ मिलीमीटरमध्ये तेवढंच रीळ साडेचार मिनिटांत संपतं. रीळ स्वस्त, धुलाई स्वस्त, कॅमेरा हलका, आणि दोन माणसं टेबलाशी बसून बोलताहेत असा प्रसंग न तोडता लांब घेता येतो. संवादांवर उभ्या असलेल्या चित्रपटाला याहून सोयीचं काय असणार? तोटाही तसाच रोकडा. १६ मिलीमीटरच्या चौकटीचं क्षेत्रफळ ३५च्या चौथाईपेक्षाही कमी. ती मोठी केली की फिल्मचा दाणा, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके, तोही मोठा होतो. उजेडात ते खपून जातं, अंधाऱ्या प्रसंगात मात्र सावल्यांमध्ये तो दाणा वळवळताना दिसतो.

लिआना आणि रूथ यांचा पहिला प्रणयप्रसंग नेमका असाच मंद, निळसर उजेडात आहे. निळा उजेड करायचा तर दिव्यापुढे निळा जिलेटिनचा कागद लावतात, आणि तो दिव्याचा निम्म्याहून अधिक प्रकाश स्वतःच खातो. उजेड बेताचा राहिला की फिल्म भुकेली राहते आणि दाणा आणखी वाढतो. म्हणून अशा ठिकाणी दिवे मोठे वापरावे लागतात. अंधार नंतर प्रयोगशाळेत गडद करून घेता येतो, पण न पडलेला उजेड मागाहून आणता येत नाही. सेल्स यांनी या प्रसंगाचा भार आवाजावर टाकला आहे. पडद्यामागून कुजबूज ऐकू येते, एका आवाजावर दुसरा चढलेला, शब्द पुरते हाती न येणारे. बघणाऱ्याचं लक्ष शरीरांवरून उठून कानाशी जातं. पुरुष दिग्दर्शकाने दोन स्त्रियांचा शृंगार दाखवताना त्याची नजर आड येते, ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही. इथे ती पूर्ण टळली असं मी म्हणणार नाही, बरीचशी टळली. आज कुणी असा प्रसंग घेणार असेल तर कुठे हात, कुठे कॅमेरा, सेटवर किती माणसं, हे सगळं दोन्ही अभिनेत्रींशी बोलून आधी कागदावर ठरवावं. ऐनवेळी सुचेल तसं करू म्हटलं की अवघडलेपण थेट चित्रात उतरतं.

माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात चांगला तुकडा याच्या नंतरचा आहे. लिआना पहिल्यांदा स्त्रियांच्या बारमध्ये जाऊन येते. त्यानंतर रस्त्यातून चालताना कॅमेरा तिच्या डोळ्यांनी पाहू लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका, कुणाचं हसणं, कुणाची चाल. गाव तेच, बायका त्याच. संकलनाच्या भाषेत हा अगदी प्राथमिक डाव आहे: आधी चेहरा, मग तो चेहरा काय पाहतो ते, पुन्हा चेहरा. तरी एका शब्दाशिवाय कळून चुकतं, की हे प्रकरण फक्त रूथपुरतं नव्हतं. लिंडा ग्रिफिथ्स या कॅनडाच्या अभिनेत्रीने इथे चेहऱ्यावर जो मिश्किल आनंद आणला आहे, त्यासाठी एवढा तुकडा पुन्हा लावून पाहावा.

आता पैशांचं बघू. घर सुटल्यावर लिआना भाड्याची छोटी जागा घेते आणि सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर बसते. पदवी अर्धवट सोडलेल्या, अनुभवाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिणाऱ्या बाईला तेव्हा असंच काम मिळायचं. अमेरिकेत १९८१ पासून संघराज्याचं किमान वेतन तासाला ३ डॉलर ३५ सेंट होतं. आठवड्याला पुरे ४० तास भरले तर १३४ डॉलर, तेही करकपातीच्या आधी. त्यातून भाडं, अनामत, खाणं. स्त्रीला केवळ स्त्री म्हणून किंवा लग्नाच्या स्थितीवरून कर्ज नाकारायला बंदी करणारा कायदाच मुळी १९७४ चा; म्हणजे लिआनाच्या लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांत तो अस्तित्वातच नव्हता. डिकचे विद्यार्थिनीशी संबंध आहेत हे तिला आधीच माहीत असतं. तरी घर त्याच्याकडे राहतं आणि मुलंही.

मुलं का? कारण त्या काळच्या अमेरिकन कोर्टांत आई लेस्बियन असणं हीच तिच्याविरुद्ध मोठी बाजू ठरे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढलं होतं, पण कोर्टांवर त्याचा परिणाम व्हायला पुष्कळ वर्षं लागली. टेक्सासमधल्या डॅलसमध्ये १९७५ साली ज्युरीने एका लेस्बियन आईकडून तिच्या धाकट्या मुलाचा ताबा काढून वडिलांना दिला. हा खटला तेव्हा देशभर गाजला, त्यावर १९७८ मध्ये टीव्हीपटही झाला. हे ठाऊक असलं की लिआना भांडायला वकील का गाठत नाही, हा प्रश्न पडत नाही. अशा कथेत ताब्याचा प्रसंग लिहिताना त्या ठिकाणचा, त्या वर्षाचा कायदा आधी वाचून घ्यावा. पात्राच्या गप्प बसण्याचं कारण अनेकदा स्वभावात नसतं, ते कायद्यात असतं.

तिचा सगळ्यात अवघड पेपर मात्र कोर्टाबाहेर आहे, मैत्रिणीबरोबरचा. सँडी वाईट नाही. बातमी कळताच ती अंग चोरते, आजवरच्या साध्या गळाभेटींचाही अर्थ मनात तपासू लागते. नवऱ्याचा तुसडेपणा प्रेक्षकाने गृहीत धरलेला असतो. सँडीचं दोन पावलं मागे सरकणं जास्त लागतं. हा धागा सेल्स घाई न करता अखेरपर्यंत नेतात. त्या मानाने डिक जरा एकाच रंगात रंगवला आहे. तो एवढा दुष्ट नसता तर लिआनाचा निर्णय अधिक कठीण झाला असता आणि चित्रपट अधिक चांगला.

याआधी हॉलिवूडमध्ये अशा स्त्रीचा शेवट ठरलेला असे. पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणाऱ्या, १९३४ पासून कडकपणे राबवलेल्या निर्मितीसंहितेत हा विषयच वर्ज्य होता. १९६१ मध्ये ते कलम सैल झालं, आणि त्याच वर्षीच्या 'द चिल्ड्रेन्स अवर'मधल्या नायिकेला आपलं प्रेम कबूल केल्यावर गळफास घ्यावा लागला. लिआना जिवंत राहते, कामावर जाते, आणि इमारतीतल्या कपडे धुण्याच्या खोलीत अनोळखी शेजारणीला आपण समलिंगी असल्याचं सांगून टाकते. शेजारीण उत्तरादाखल शांतपणे स्वतःचं नाव सांगते.

आपल्याकडे जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' १९८२ चा, म्हणजे जवळजवळ याच काळातला. स्मिता पाटील यांची सुलभाही शिक्षण आणि काम यांच्या बळावर घराबाहेर पडते. दोन स्त्रियांमधलं नातं त्या चित्रपटातही येतं, पण आश्रमातल्या दोघींचं, संस्थेपुढचा पेच म्हणून. मराठी पडद्यावर त्या काळात तेवढंही दाखवणं सोपं नव्हतं.

'लिआना' पाहून झाला की डॉना डाइच यांचा १९८५ चा 'डेझर्ट हार्ट्स' पाहा. जेन रूल यांच्या १९६४ च्या कादंबरीवरचा, १९५९ सालच्या रीनो शहरात घडणारा. नेव्हाडा राज्यात सहा आठवडे मुक्काम केला की घटस्फोट मिळे, म्हणून न्यूयॉर्कहून इंग्रजीची एक प्राध्यापिका तिथे येते आणि तिथल्या तरुणीच्या प्रेमात पडते. वाळवंटाचा उजेड, जुनी गाणी, सगळं 'लिआना'पेक्षा देखणं. फक्त या प्राध्यापिकेकडे पदवी आहे आणि दर महिन्याचा पगार आहे, त्यामुळे खोलीचं भाडं कोण देणार हा प्रश्न त्या चित्रपटात कुणालाही पडत नाही.