पोझिशन नसलेला माणूस

मघाशी परिचयात मला 'तेलबाजाराचे तज्ज्ञ' म्हटलं गेलं. मी तज्ज्ञ झालो तो टीव्हीवर जायला लागल्यावर. त्याआधी बारा वर्षं नुसता क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, वायदा ट्रेडर होतो, आणि ट्रेडरचं मत कुणी विचारत नाही, महिनाअखेरीला त्याचं खातं बघतात.

वायदा म्हणजे पुढच्या ठरलेल्या महिन्यात माल घ्यायचा-द्यायचा, पण भाव आजच ठरवायचा, असा सौदा. न्यूयॉर्कच्या नायमेक्स या वायदेबाजारात क्रूडचा वायदा १९८३ साली सुरू झाला. एक लॉट म्हणजे १००० बॅरल. भाव एक सेंट हलला की लॉटमागे दहा डॉलर आले किंवा गेले. पूर्वी सौदे रिंगणात उभं राहून, ओरडून व्हायचे. तळवा स्वतःकडे म्हणजे घेतो, समोर म्हणजे विकतो. २०१५ च्या जुलैत वायद्यांची रिंगणं बंद झाली. मी तसा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर गुपचूप सौदे करणारा, त्यामुळे टीव्हीवर गेलो तेव्हा बोलण्याची सवयच नव्हती.

दर बुधवारी, एरवी सुट्टी नसेल तर, न्यूयॉर्कच्या साडेदहाला अमेरिकी सरकारचे तेलसाठ्याचे आकडे येतात. त्या वेळी मी कधी फोनही उचलत नसे. आता त्याच मिनिटाला अँकर विचारतो, ''भाव का पडला?'' खरं उत्तर असतं, ''अजून कळलं नाही, दहा मिनिटं थांबा.'' पहिल्या आठवड्यात मी तेच दिलं. ब्रेकमध्ये निर्मात्या बाई म्हणाल्या, ''सर, असं नका ना म्हणू.'' मग शिकलो. ''क्रूडचा साठा घटला, पण पेट्रोलचा वाढला, म्हणून पडला.'' ते खोटं नसतं. पण भाव चढला असता तर पेट्रोलचं नाव न काढता मी वाक्य 'घटला'वरच संपवलं असतं!

एकदा मात्र या खुर्चीचा खरा उपयोग झाला. २० एप्रिल २०२० ला मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. जो तो म्हणायला लागला, तेल फुकट झालं. अहो, तेल कुठलं फुकट? वायदा दुसऱ्या दिवशी संपत होता आणि तो रोखीत मिटत नाही, ओक्लाहोमातल्या कुशिंगला माल उचलावा लागतो. कोरोनानं मागणी बसलेली, टाक्या भरत आलेल्या, उरलेली जागा आधीच भाड्यानं गेलेली. टाकी नसलेल्याला पदरचे पैसे देऊन लॉट दुसऱ्याच्या गळ्यात मारणं भाग होतं. त्याच दिवशी जूनचा वायदा विसाच्या वर बंद झाला. हे मी शांतपणे सांगू शकलो, कारण माझी काही पोझिशन नव्हती, म्हणजे घेतलेला किंवा विकलेला एकही लॉट उभा नव्हता. असता तर शब्द फुटला नसता.

पण पोझिशन नाही म्हणजे स्टॉप लॉसही नाही, तोटा ठरल्या मर्यादेला पोचला की सौदा तोडणारं काही नाही. पूर्वी चुकलो की मार्जिनचा फोन यायचा, अनामत कमी पडली, आणखी पैसे भरा म्हणून. आता चुकलो तरी पुढच्या बुधवारी गाडी पाठवतात. म्हणून एक वही ठेवली आहे: तारीख, तेव्हाचा भाव, मी काय बोललो, महिन्यानंतरचा भाव. आज ती आणली आहे. प्रश्न विचारायच्या आधी हवी तर चाळा. पहिली सहा पानं फार वाईट आहेत.